भूगर्भशास्त्रज्ञ शिक्षक होतो तेव्हा

दगड आणि विद्यार्थी यांच्यात साम्य आहे असे कोणी म्हटले, तर विद्यार्थिवर्ग रागावेल आणि शिक्षकवर्ग गालांतल्या गालांत हसेल. तथापि हे साम्य निव्वळ थट्टेचे नाही. भूगर्भशास्त्रज्ञाला डोंगरात एखादा वेडावाकडा, वळ्या पडलेला दगड सापडला, तर ‘हा दगड चुकला’ असे म्हणून तो त्यास फेकून देत नाही. हा असा का झाला? कोणत्या उष्णतेने, कोणत्या दाबाने, किती काळात? असे प्रश्न तो स्वतःस विचारतो. विद्यार्थ्याने दिलेले चुकीचे उत्तर हाही असाच एक दगड होय. तांबड्या शाईची फुली मारून तो बाजूस सारता येतो. किंवा हाती घेऊन, हे उत्तर या मनात कसे घडले, याचा शोध घेता येतो. हा शोध पद्धतशीरपणे घेणाऱ्या शास्त्राला शिक्षणविषयक संशोधन म्हणतात. एका भूगर्भशास्त्रज्ञाने हातोडा ठेवून खडू हाती घेतला आणि पुढे याच संशोधनाचा मार्ग धरला. त्याने काय पाहिले व काय केले, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

या गृहस्थांचे नाव ख्रिस किंग. ते इंग्लंडचे. भूगर्भशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी प्रथम हिऱ्यांच्या खाणी चालविणाऱ्या एका कंपनीत हिऱ्यांचा शोध घेणारे भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून काम केले. त्यानंतर ते शाळेत शिक्षक झाले आणि अनेक वर्षे मुलांना विज्ञान व भूगर्भशास्त्र शिकवीत राहिले. पुढे स्टॅफर्डशायर परगण्यातील कील विद्यापीठात शिक्षकांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तेथेच ते भूविज्ञान-शिक्षणाचे प्राध्यापक झाले. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या संशोधनाचे मूळ एका सरकारी निर्णयात आहे. १९८९ साली इंग्लंड व वेल्समध्ये राष्ट्रीय अभ्यासक्रम लागू झाला आणि खडक, भूकंप, ज्वालामुखी, भूपट्ट हे विषय विज्ञानाच्या तासाला शिकविले जाऊ लागले. विषय चांगले होते. परंतु विज्ञानाचे शिक्षक बहुधा पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र शिकून आलेले. भूगर्भशास्त्राशी त्यांच्यापैकी बहुतेकांचा परिचय बेताचाच होता. अशा वेळी शिक्षकाने काय करावे? तो पाठ्यपुस्तकाचा आधार घेतो. मग किंग यांच्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. शिक्षकांना या विषयाचे खरोखर काय ज्ञान आहे? आणि ज्या पुस्तकांवर ते विसंबतात ती पुस्तके कितपत विश्वासार्ह आहेत?

पहिल्या प्रश्नाचा शोध घेताना जी गोष्ट वारंवार हाती आली, तिच्यावर त्यांनी २००० साली एक निबंध प्रसिद्ध केला. ‘पृथ्वीचे प्रावरण घन आहे’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. वाचकहो, येथे क्षणभर थांबून तुम्ही स्वतःलाच विचारा: आपल्या पायांखालचे कवच संपले की त्याखाली काय आहे? पुष्कळांचे उत्तर ‘तप्त शिलारसाचा समुद्र’ असे येते. शिक्षकांपैकीही अनेकांची समजूत अशीच असल्याचे किंग यांस आढळले. वस्तुस्थिती निराळी आहे. जमिनीवरील कवचाची जाडी साधारणतः ३० ते ४० किलोमीटर असते. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे, आणि ते घन आहे. शिलारस तयार होतो तो काही विशिष्ट ठिकाणी, खडक अंशतः वितळून. पृथ्वीच्या एकंदर आकारमानाचा सुमारे ८४ टक्के भाग या प्रावरणाने व्यापिला आहे. तेव्हा प्रावरण द्रव आहे असे मानणे म्हणजे जवळजवळ सगळ्या पृथ्वीविषयीच चूक करणे होय.

ते घन आहे हे कळले कसे? आजवर कोणीही तितक्या खोल उतरलेले नाही. हा पुरावा भूकंपांनी दिला, आणि त्याच्या इतिहासात हिंदुस्थानचाही वाटा आहे. १८९७ साली आसामात मोठा भूकंप झाला. भारतीय भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला आणि भूकंपमापक यंत्रांच्या नोंदींत निरनिराळ्या जातींच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. प्राथमिक लहर ढकलत जाते. दुय्यम लहर बाजूला हेलकावत जाते. ही दुय्यम लहर घन पदार्थातून जाते, पण द्रवातून जाऊ शकत नाही. प्रावरणातून ती थेट तळापर्यंत जाते. त्याखालच्या बाह्य गाभ्यापाशी मात्र ती थांबते. यावरून प्रावरण घन आणि बाह्य गाभा द्रव, हे सिद्ध होते. पृथ्वीला गाभा आहे याचा पुरावा ओल्डहॅम यांनीच १९०६ साली मांडला.

एवढे सांगितल्यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘प्रावरण घन आहे, तर त्यावरचे भूपट्ट सरकतात कसे?’ हा प्रश्न योग्यच आहे. हिमालयातील हिमनदी आठवा. तिचा बर्फ घन असतो. कुऱ्हाडीने तोडावा तर त्याचे तुकडे उडतात. तरीही तोच बर्फ हळूहळू दरीतून खाली वाहत असतो. उष्णता व दाब यांखाली प्रावरणाचा खडकही असाच अतिमंद गतीने वाहतो, वर्षाकाठी काही सेंटिमीटर एवढ्याच वेगाने. आपला भारतीय भूपट्ट आज वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. म्हणजे शाळेत दाखल झालेला मुलगा दहा वर्षांनी शाळान्त परीक्षेस बसेपर्यंत आपली शाळा सुमारे अर्धा मीटर सरकलेली असते!

आता मूळ मुद्द्याकडे वळू. प्रावरण द्रव आहे ही समजूत इतकी पसरते कशी? चुकीचे उत्तर हा दगड मानला, तर त्याची खाण शोधली पाहिजे. मुलाने ज्वालामुखीचे चित्र पाहिलेले असते. त्यातून तांबडा रस उसळताना दिसतो. पृथ्वीच्या छेदाच्या चित्रात प्रावरणास बहुधा तांबडा किंवा नारिंगी रंग दिलेला असतो. दोन्ही चित्रे मनात एकमेकांस चिकटतात आणि एक पक्का समज तयार होतो. मूल मूर्ख असते म्हणून हा समज होतो असे नाही; त्याच्यापुढे असलेल्या पुराव्यावरून त्याने तर्कशुद्ध अनुमानच केलेले असते. म्हणूनच ‘चूक!’ एवढे सांगून तो समज जात नाही. त्यापेक्षा बलवत्तर पुरावा समोर आला म्हणजे तो आपोआप मागे हटतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिकच चिंताजनक निघाले. इंग्लंड व वेल्समधील माध्यमिक शाळांत वापरल्या जाणाऱ्या विज्ञानाच्या पुस्तकांतील भूविज्ञानाचा भाग तपासण्यात आला. २९ पुस्तके वा पुस्तकमाला, मिळून ५१ ग्रंथ. २०१० साली किंग यांनी त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: भूविज्ञानाच्या मजकुरात सरासरीने दर पानास एक चूक अथवा गैरसमज! या पाहणीत, अभ्यासक्रमपत्रिका व परीक्षेचे प्रश्न धरून, गैरसमजांची ५०० हून अधिक उदाहरणे सापडली. गाळाचे खडक व ते बनण्याची क्रिया, भूकंप व पृथ्वीची अंतर्रचना, आणि भूपट्टांची हालचाल या तीन भागांत ती सर्वांत जास्त होती. छापील अक्षरावर आपला सर्वांचाच विश्वास असतो, आणि तो असावाही. पण पुस्तकातील चूक शिक्षकाकडे जाते, शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे येते. आणि तो विद्यार्थी मोठा होऊन शिक्षक किंवा ग्रंथकार झाला, म्हणजे तीच चूक नव्याने छापली जाते. हे रहाट कोठेतरी थांबविले पाहिजे.

ते थांबविण्यासाठी किंग यांनी नुसती टीका केली नाही. १९९९ साली कील विद्यापीठात भूविज्ञान-शिक्षणाचे एक केंद्र सुरू झाले. या केंद्राचे शिक्षक शाळाशाळांतून जात व तेथील विज्ञानशिक्षकांकडून छोटे छोटे प्रयोग करवून घेत. पुढे २००८ हे आंतरराष्ट्रीय पृथ्वी-वर्ष जवळ आले असता किंग, एलिझाबेथ डेव्हन आणि पीटर केनेट या तिघांनी ‘अर्थ लर्निंग आयडिया’, म्हणजे पृथ्वीविषयी शिकण्याच्या कल्पना, या नावाने असे प्रयोग सर्व जगातील शिक्षकांसाठी विनामूल्य प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही त्या शाळेलाही ते करता यावेत, ही त्यांची दृष्टी होती. आज अशा प्रयोगांची संख्या काही शेकडा झाली आहे आणि त्यांची अनेक भाषांत भाषांतरे झाली आहेत.

त्यांतील एकाचे नाव मोठे गमतीचे आहे: ‘तीस सेकंदांत हिमालय’. एक पारदर्शक पेटी घ्यावी. तिच्यात कोरडी वाळू आणि पीठ यांचे एकाआड एक पातळ थर द्यावेत. मग एका बाजूने उभी फळी हळूहळू आत ढकलावी. आडवे थर प्रथम उचलले जातात, त्यांना वळ्या पडतात. मग ते तुटतात आणि एक थर दुसऱ्यावर चढतो. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियास भिडला, तेव्हा घडून आलेल्या प्रचंड घटनेची ही लहानशी प्रतिकृती होय. एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक कसा, या कोड्याचे उत्तर मुलाच्या डोळ्यांसमोर पेटीतच उलगडते.

दुय्यम लहरींचा प्रयोग तर साहित्यावाचूनच होतो. आठ-दहा विद्यार्थी एकामागे एक उभे राहून पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवतात. शेवटच्यास हलकेच पुढे ढकलले, की धक्का रांगेच्या टोकापर्यंत पोहोचतो. ही प्राथमिक लहर. त्यास बाजूस झुलविले, की झोकाही टोकापर्यंत जातो. ही दुय्यम लहर. मग सर्वांनी हात खाली घेऊन जवळजवळ उभे राहावे. हा झाला द्रव. आता पुढे दिलेला धक्का पूर्वीसारखाच जातो, पण बाजूचा झोका पहिल्याच गड्यापाशी संपतो. हा खेळ खेळलेला मुलगा प्रावरण घन का, हे सहसा विसरणार नाही.

परंतु कोणताही खेळ म्हणजे शिक्षण नव्हे. प्रयोगाच्या अनुषंगाने विचार कसा घडवावा, यासाठी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकेल शेयर व फिलिप एडी या दोन शिक्षणशास्त्रज्ञांच्या पद्धतीचा अवलंब केला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात १९८० नंतरच्या दशकात विकसित झालेल्या या पद्धतीच्या मुख्य पायऱ्या चार: विद्यार्थ्यांनी निरीक्षणांतून एक नियम बांधावा, मग त्या नियमास न जुमानणारे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवावे, आपण निर्णय कसा केला हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगावे, आणि शेवटी त्या ज्ञानाचा जगातील व्यवहाराशी सांधा जोडावा.

ही पद्धत आमच्या बेळगावच्या परिसरातील दगडांवर कशी लावता येईल, हे आम्ही येथे सुचवितो. एका काचपात्रात पाणी घेऊन त्यात जांभ्या दगडाचा कोरडा खडा टाका. त्यातून बुडबुडे निघतील. कारण दगडातील पोकळ्यांत पाणी शिरते व हवा बाहेर पडते. आता बांधकामाचा टणक काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, टाका. बुडबुडे जवळजवळ नाहीतच. त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. मुले नियम बांधतील: ‘जांभा पाणी पितो, काळा दगड पीत नाही.’ मग त्यांना लाव्ह्याच्या थराच्या माथ्याकडचा, जाळीसारखी रिकामी भोके असलेला काळा दगड द्या. हाही बेसाल्टच, तरीही बुडबुडे! नियम मोडला. आता वर्गात वाद होईल, आणि तो व्हावा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे त्यात अडकून राहिले, ही भोके त्यांची, असे कोणीतरी ताडील. शेवटी शिक्षकांनी विचारावे: ‘मग विहिरीला पाणी कोठे लागेल?’ अखंड, टणक बेसाल्टात ते क्वचितच लागते. भेगांत, कुजलेल्या मुरुमात आणि सच्छिद्र थरांत ते साठते. एका खड्याच्या बुडबुड्यापासून निघालेला विचार शेतकऱ्याच्या विहिरीपर्यंत पोहोचतो तो असा.

भूगर्भशास्त्र शिकविण्यात खोलीपेक्षाही एक मोठी अडचण आहे, ती काळाची. इंग्लंडमधील संशोधक रॉजर ट्रेंड यांनी १९९८ साली दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या कालविषयक कल्पनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांच्या मनात भूतकाळाचे दोनच मोठे कप्पे असतात, एक ‘फार फार जुने’ आणि दुसरा ‘त्याहून कमी जुने’, असे त्यांस दिसून आले. पृथ्वीचा जन्म आणि डायनोसॉर यांच्यामध्ये किती प्रचंड अंतर आहे, याची जाणीव अशा कप्प्यांत हरवून जाते. हे अंतर मनात ठसविण्यासाठी एक सोपे गणित करता येते. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. ते सर्व एका दिवसाच्या २४ तासांत बसविले, तर दख्खनचे पठार घडविणारा लाव्हा, जो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तो रात्री ११ वाजून ३९ मिनिटांनी वाहिला असे ठरते. डायनोसॉर नामशेष झाले तेही त्याच सुमारास. आणि सुमारे ३ लाख वर्षांपूर्वी अवतरलेला आजचा मानव? मध्यरात्रीला सहा सेकंदही उरले नव्हते तेव्हा तो आला! सह्याद्रीला आपण अनादि म्हणतो. पण पृथ्वीच्या दिवसात तो अगदी झोपण्याच्या वेळचा आहे.

तिसरी अडचण सहलीची. सहलीस गेले म्हणजे मुले शिकतातच, असा आपला समज असतो. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील निर ओरियन आणि अवी हॉफस्टीन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समजाचीच परीक्षा केली. मुलांना विषय नवा असतो, जागा नवी असते, आणि दिवसाचा क्रमही नवा असतो. जेवण कोठे, परत केव्हा, चालायचे किती, हे ठाऊक नसते. या तिन्ही नवलाईंचा भार जितका अधिक, तितके शिकणे उणे. म्हणून निघण्यापूर्वी वर्गात त्याच जातीचे दगड हाताळावेत, नकाशा पाहावा, दिवसाचा कार्यक्रम समजावून सांगावा. आमच्याकडून गोकाकच्या धबधब्यास सहली नेहमी जातात. सुमारे ५२ मीटर खाली कोसळणारे घटप्रभेचे पाणी सर्वजण पाहतात. पण ज्या कड्यावरून ते कोसळते तो कडा दख्खनच्या काळ्या दगडाचा नसून त्याहून कितीतरी जुन्या वालुकाश्माचा आहे, हे किती जण पाहतात? काळा दगड व वालुकाश्म यांचे तुकडे आदल्या आठवड्यात वर्गात हाताळलेला विद्यार्थी तेथे पोहोचताच हा फरक स्वतः ओळखील, आणि तो आनंद कोणत्याही टिपणाने मिळणारा नाही.

अशा प्रयत्नांना जगभर हळूहळू संघटित रूप आले आहे. आंतरराष्ट्रीय भूविज्ञान-शिक्षण संघटनेने शालेय विद्यार्थ्यांसाठी भूविज्ञानाचे ऑलिंपियाड सुरू केले. पहिले २००७ साली दक्षिण कोरियात झाले, आणि सातवे २०१३ साली आपल्या म्हैसूर नगरीत भरले. भूविज्ञान-शिक्षणाच्या या आंतरराष्ट्रीय कार्यातही ख्रिस किंग अग्रभागी होते.

कोणी म्हणेल, की हिरे शोधणारा मनुष्य शाळेत आला, हे त्याच्या शास्त्राचे नुकसानच नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भूगर्भशास्त्राने त्यांना जी सवय लावली होती, म्हणजे दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान करणे आणि त्या अनुमानास पुराव्याची जोड मागणे, तीच त्यांनी वर्गात वापरली. पूर्वी खुणा दगडांवर होत्या. आता त्या उत्तरपत्रिकांत व पुस्तकांत होत्या, एवढाच फरक.

विद्यार्थिमित्रांनो, या सवयीसाठी पदवी लागत नाही. पुस्तकातील एखादे विधान वाचल्यावर ‘हे कशावरून कळले?’ असा प्रश्न वहीच्या समासात लिहून ठेवण्याचा परिपाठ ठेवा. तो प्रश्न गुरुजनांस विनयाने विचारा. चांगल्या शिक्षकास असा प्रश्न कधी उद्धट वाटत नाही. आणि तुमचे उत्तर चुकले, तर ते खोडून टाकण्यापूर्वी एकदा निरखून पाहा. ते तुमच्या मनात कोठून आले, हे तुम्हांस सांगता आले, म्हणजे त्या चुकीतूनही तुम्ही काही शिकलात असे समजावे.